उरलेले तुकडे
(वाचन : योहान ६:१-१३)



पाच हजार पुरुष जेवून तृप्त झाल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करावयास लावले. हा चमत्कार चारही शुभवर्तमानांत आहे, परंतु ही आज्ञा एकटा योहानच नमूद करतो. ज्याने पाच भाकरींत एवढा समुदाय जेवू घातला, त्याला तुकड्यांची काय वाण होती? आणि भाकरी तरी कसल्या, जवाच्या, गरिबाच्या घरच्या! तरी बारा टोपल्या भरून घेतल्या.

आता आपले प्रीतिभोजन पाहा. मंदिरात उपकारस्तुती होते आणि आवारात प्लॅस्टिकच्या थाळ्यांचा ढीग पडतो, त्यांत अर्धा टाकलेला भात. अशा थाळ्यांवर व पेल्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. मग त्या आपल्याकडे येतात कोठून?

"स्टीलची ताटे घासायची कोणी?" असे भगिनी विचारतात. प्रश्न रास्त आहे. मंडळीची काटकसर आजवर बहुधा त्यांच्याच कंबरेवर चालली. परंतु धरला जाण्याच्या रात्री कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुणारा आपला प्रभू होता. तेव्हा येत्या कापणीच्या सणाला वडील, पंच आणि पाळकसाहेबांसह पुरुषांनी नळापाशी बसावे. भात पहिल्यांदा थोडाच वाढावा. पातेल्यात उरेल तो डब्यांत भरून, जे आजारपणामुळे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी ऊन ऊन पोहोचवावा.