आजचं चिंतन : गीता २.४७

आजचा श्लोक फळावर हक्क न सांगणाऱ्या कर्माचा. तो मला थोडाफार उमगला टोरोंटोत, आयुष्यातल्या पहिल्या आइस हॉकी सामन्यात. मेपल लीफ्सचा खेळाडू जेमतेम ४५ सेकंद जीव तोडून धावतो (घसरतो म्हणा!), मग खेळ चालू असतानाच बाहेर येतो, कठड्यावरून दुसरा आत उडी घेतो. लगेच गोल झाला तर आकडेवारीतला ‘प्लस’ त्या क्षणी बर्फावर असलेल्यांनाच. बाहेर आलेला बाकावरूनच जल्लोष करतो!

कारंजा लाडला बाबांनी सोयाबीन विकून माझी फी भरली. परवा नोकरी लागली, सगळे माझं अभिनंदन करतायत. बाबा फोनवर एवढंच म्हणाले, “गुरुमंदिरात पेढे ठेवून आलो. जेवला का, बापा?”