मुदत संपते, ऋण संपत नाही
आपल्या आचऱ्यात पावसाळी मासेमारीबंदीत घरखर्च क्रेडिट कार्डावर जातो, व्याज चढते आणि बँकेची नोटीस येते. ती न उघडणे, वा दाव्याची तीन वर्षांची मुदत टळण्याची वाट पाहणे, ही सुटका नव्हे. मुदत संपली तरी घेतलेल्या मुद्दलाचा जाब अल्लाहपुढे द्यावाच लागेल. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी मृताचे ऋण स्वतःवर घेईपर्यंत प्रेषितांनी (स.) त्याची जनाजाची नमाज पढवली नाही.

मात्र तंगीतील ऋणकोला सवड द्यावी, हीही दिव्य कुरआनची आज्ञा आहे (२:२८०). म्हणून दाव्यापूर्वीच अडचण बँकेला लेखी कळवा, हप्ते मागा, लोकअदालतीत तडजोड करा. तेथील निवाड्यावर अपील नसते. म्हणून झेपेल तेवढेच कबूल करा आणि कबूल केलेले फेडा. अल्लाह आपणांस ऋणमुक्त करो. आमीन.