सहा टोप्या, एक डोके

चार माणसे विचाराला बसली म्हणजे विचार होतोच असे नाही. पुष्कळदा जो तो आपले म्हणणे घरून घेऊन येतो आणि जसेच्या तसे परत नेतो. मधल्या वेळात होतो तो वाद.

माल्टा देशाच्या एडवर्ड डी बोनो या डॉक्टराने १९८५ साली यावर एक साधी युक्ती ग्रंथरूपाने सांगितली. विचाराच्या सहा टोप्या कल्पाव्या. पांढरी माहितीची, तांबडी भावनेची, काळी धोक्याची, पिवळी लाभाची, हिरवी नव्या वाटेची. आणि निळी या सर्वांना क्रम लावणारी. मेख एवढीच की, एका वेळी सगळ्यांनी एकाच रंगाची टोपी डोक्यावर घ्यायची.

२०२० सालची आषाढी घ्या. करोनाची साथ होती. पायी वारी काढावी की नाही? एक म्हणे, परंपरा मोडता. दुसरा म्हणे, तुम्हांला जिवाची पर्वा नाही. आता हेच क्रमाने पाहू. माहिती अशी की, रोग जवळिकीने पसरतो आणि वारीत लाखो माणसे कित्येक दिवस एकत्र चालतात, जेवतात, निजतात. भावना अशी की, वारी चुकली तर काळजाला चटका बसतो. तो लपवावा कशाला? लाभ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम अखंड राहतो. धोका मात्र वाटेवरच्या गावांनाही, ज्यांना कोणी विचारलेच नव्हते. मग नवी वाट कोणती? ३० जूनला मोजक्या मंडळींसह पादुका एस.टी.ने पंढरपुरास गेल्या; १ जुलैस एकादशी झाली. २०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली. टोप्या मांडून हे ठरले असे आम्ही म्हणत नाही. पण नेम आणि जीव, दोन्हींची बाजू त्यात राखली गेली हे खरे.

अवघड काय आहे? आपल्याला नको असलेल्या गोष्टीतला गुण आपल्याच तोंडाने सांगणे, आणि हव्या असलेल्या गोष्टीतला धोका बोलून दाखवणे. तेथे जीभ अडते. मत बरोबर आहे म्हणून धरले, की माझे आहे म्हणून, हे त्याच वेळी कळते.

कोणी म्हणेल, सगळ्या बाजू बघत बसलो तर ठरवायचे कधी? ठरवावे तर लागतेच, आणि ते कोणाच्या तरी मनाविरुद्ध जातेच. पण ज्याचे म्हणणे आपण त्याच्याच जागी बसून पाहिले, तो निर्णयानंतरही आपल्या पंक्तीला बसतो. घरात काय, गावात काय, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.