सुटली, मग पुढे?

दारू सुटल्यावर पहिली अडचण येते ती संध्याकाळची. दिवस निभतो. शेतात, अडतीवर, दुकानात माणूस गुंतलेला असतो. दिवेलागणीला मात्र लातूरच्या गंजगोलाईतून किंवा नांदेडच्या वजिराबादेतून घरी निघालेल्या पायांना गुत्त्याची वाट पाठ असते. ती टाळून घरी यावं, तर रिकामे तीन-चार तास समोर येऊन बसतात. घरचे खूश असतात, शेजारी ‘सुटली बरं का’ म्हणून सांगत असतात. ज्याची सुटली त्याला मात्र जेवणाला चव नसते, गप्पांत रस नसतो. मेंदूची सुख भोगण्याची शक्ती दारूने वर्षानुवर्षं गहाण ठेवून घेतलेली असते आणि ती सोडवून आणायला महिने लागतात. अशा माणसाला ‘मन घट्ट कर’ म्हणण्यात काय अर्थ? ते त्याने पूर्वी कितीदा तरी केलेलं असतं. खरा प्रश्न आनंद आणायचा कुठून, हा आहे.

आपल्याकडच्या गावांनी यावर एक जुनं उत्तर शोधून ठेवलंय : माळ. पंढरपूरला जाऊन किंवा गावातल्याच एखाद्या महाराजांच्या हातून तुळशीची माळ घातली की दारू-मटण बंद. पण बंदी हा त्यातला लहान भाग. माळेबरोबर एकादशी येते, संध्याकाळचा हरिपाठ येतो, वारी येते आणि हरिनाम सप्ताहातला पहाराही येतो. अखंड सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. ज्याच्या हाती घरचे दळणाचे पैसेही देत नव्हते, त्याच्या गळ्यात मध्यरात्री वीणा देऊन गाव निर्धास्त झोपतं. माझ्या मते माळेचं बळ आहे ते या विश्वासात.

नांदेडच्या सचखंड श्री हजूर साहिबमध्ये हेच सेवेच्या रूपात दिसतं. शीख रहितेत, म्हणजे आचारसंहितेत, नशा वर्ज्यच आहे, पण लंगरमध्ये भांडी घासणाऱ्याला किंवा जोडे सांभाळणाऱ्याला त्याचा मागचा इतिहास कोणी विचारत नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी इथेच ग्रंथाला गुरुपद दिलं. त्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत, तेव्हा गोदाकाठचे हे दोन रस्ते एकमेकांना परके नाहीत.

दुसऱ्याची सेवा करताना आपणही सावरतो, हे अमेरिकेतल्या एका दारुड्यालाही उमगलं होतं. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरलेला बिल विल्सन १९३५च्या मे महिन्यात अ‍ॅक्रन शहरात होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, ज्या कामाला आला ते फसलेलं आणि हॉटेलातला बार समोर उघडा. त्याने बारऐवजी फोन गाठला आणि ‘इथे कोणी माझ्यासारखा दारुडा आहे का’ याची चौकशी सुरू केली. त्यातून भेटले डॉ. बॉब स्मिथ, पेशाने शल्यविशारद. बॉबने १० जून १९३५ला शेवटचा घोट घेतला आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या दारू सोडणाऱ्यांच्या समूहाचा जन्मदिवस ठरला. बिल त्याच्याकडे गेला होता तो मुख्यतः स्वतः न पिण्यासाठी, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे १९६१ साली मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी बिलला लिहिलेल्या पत्रात मांडलं, की दारूची ओढ ही पूर्णत्वाच्या आध्यात्मिक तहानेचंच खालच्या पातळीवरचं रूप आहे. वारकऱ्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

तरी माळेत मला एक उणीव दिसते. तिच्यात घसरणीला जागा नाही. एखाद्या लग्नात घोटभर घेतली गेली की माळ खुंटीला जाते. मग तोंड दाखवायची लाज म्हणून हरिपाठ सुटतो आणि जी माणसं सावरू शकली असती, नेमकी तीच दुरावतात. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या मीटिंगमध्ये तोच माणूस दुसऱ्या दिवशी येऊन ‘काल घेतली’ असं सांगू शकतो. तिथे हिशेब फक्त आजच्या दिवसाचा. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रानेही व्यसन हा आजार आहे, हेच लोकांच्या मनावर ठसवलं. आजार उलटला म्हणून कोणी रोग्याला मंदिराबाहेर उभं करत नाही. आपल्या भजनी मंडळांनी एवढं केलं, तर दुसरं काही नवं उभारायची फारशी गरज राहणार नाही.

आनंद म्हणाल तर तो हळू, आडवाटेने येतो. पगाराच्या दिवशी घरात भांडण होत नाही. बापाच्या पावलांची चाहूल लागली तरी पोरं जागची हलत नाहीत. नव्याने सोडू पाहणाऱ्या एखाद्याबरोबर दवाखान्यात रात्र काढून परतताना, आज दिवसभर दारूची आठवणच झाली नाही, हे ध्यानात येतं.

आता एक व्यवहाराची गोष्ट. रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एका रात्रीत दारू तोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. क्वचित जीवही जातो. म्हणून माळेआधी डॉक्टर गाठा. माळ आठवड्याने घातली तरी पांडुरंग रागावत नाही. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मानसोपचार विभागात जा. तेही जमत नसेल, तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत.