मी पाहिलं की मला दिसलं?

समन्स आलं तेव्हा मला भीती वाटली नव्हती. जे पाहिलं ते सांगायचं, त्यात घाबरायचं काय? सात महिन्यांपूर्वी आमच्या गावातल्या चौकात एका ट्रकने स्कूटरला उडवलं. स्कूटरवरचा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. तो जागीच गेला. मी समोरच्या बसथांब्यावर उभी होते. दुसऱ्या दिवशी माझा जबाब झाला. त्यात एक वाक्य होतं : ‘सदर ट्रक भरधाव वेगाने येताना मी स्वतः पाहिला.’ खाली माझी सही.

मग त्या मुलाची आई घरी आली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, “ताई, आता सगळं तुमच्या एका शब्दावर आहे.” त्या रात्री मी जबाबाची प्रत काढून वाचली आणि ‘भरधाव’पाशी थांबले. हा शब्द माझा नाही, असं म्हणता येईना. माझाच आहे, असंही छातीठोकपणे सांगता येईना.

मी शाळेत विज्ञान शिकवते. डोळ्याची आकृती फळ्यावर कितीदा काढली असेल. पण या वेळी पुस्तक उघडावंसं वाटलं नाही. मी भुसावळला मामांकडे गेले. मामांनी छत्तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “ट्रकचा वेग किती होता?”

“सत्तर-ऐंशी तरी असेल.”

“कशावरून?”

“दिसत होतं ना, मामा.”

“चल,” ते म्हणाले आणि चपला पायात सरकवल्या.

गावाबाहेरच्या उड्डाणपुलावर आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो. खाली रूळ अगदी सरळ गेले होते. लांबवर एक ठिपका उमटला.

“गाडी आली. सांग, वेग किती?”

ठिपका बराच वेळ तेवढाच राहिला. जागेवर उभा असल्यासारखा. मग थोडा मोठा झाला. मी म्हटलं, “चाळीस. फार तर पन्नास.”

मामा गाडीकडे बघतच नव्हते. त्यांची नजर विजेच्या खांबांवर होती आणि ओठ मोजत होते. “त्या खांबापासून ह्या खांबापर्यंत अर्धा किलोमीटर. अठरा सेकंद. म्हणजे ताशी शंभर.” त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत इंजिन एकदम केवढं तरी झालं, पायाखालचा पूल थरथरला आणि डबे धडाडत निघून गेले. वेग मला दिसला तो तेव्हा.

“आता कळलं?” मामा म्हणाले. “समोरून येणारी वस्तू डोळ्याला सरकताना दिसत नाही, फुगताना दिसते. आणि ती सारख्या चालीने फुगत नाही.”

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. ट्रकची रुंदी अडीच मीटर धरली, तर २०० मीटरवर तो डोळ्यात जेमतेम पाऊण अंशाचा असतो. हात लांब करून धरलेल्या करंगळीहूनही बारीक. १०० मीटरवर आला की दीड अंशाचा होतो. ताशी ७२ किलोमीटरने येत असेल, तर हे अंतर तोडायला ५ सेकंद लागतात आणि त्या पाच सेकंदांत तो पाऊण अंशानेच वाढतो. पण पुढे ५० मीटरवरून २५ मीटरवर येताना सव्वा सेकंदात तो जवळजवळ तीन अंशांनी वाढतो. चाल तीच, पण पाहणाऱ्याला आधी वाटतं, अजून लांब आहे. आणि मग वाटतं, अंगावर आला.

“त्यात वस्तू मोठी असली की डोळा आणखी फसतो,” मी म्हटलं. “अमेरिकेतल्या हर्शल लायबोविट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली रेल्वे फाटकांवरच्या अपघातांबद्दल हेच मांडलं होतं. प्रचंड वस्तू तिच्या खऱ्या वेगापेक्षा संथ भासते. विमानतळावर उतरणारं मोठं विमान कसं तरंगत आल्यासारखं वाटतं, तसं.”

“मला त्यांचं नाव ठाऊक नाही, पण त्यांचं म्हणणं ठाऊक आहे,” मामा म्हणाले. “बावीस डब्यांची गाडी शंभराच्या वेगाने धावत असली, तरी स्वतःची लांबी ओलांडायला तिला एकोणीस-वीस सेकंद लागतात. मोटरसायकल चाळीसच्या वेगाने सेकंदाला स्वतःच्या पाचपट लांबी मागे टाकते. माणसाला वाटतं, मोटरसायकल पळतेय आणि गाडी रांगतेय.”

“म्हणजे मला सत्तर-ऐंशी दिसला, तर तो प्रत्यक्षात त्याहून जास्त असेल?”

“तशी घाई करू नकोस. आधी सांग, तू त्याला नक्की कधी पाहिलंस?”

मी डोळे मिटले. थांबा. समोर सिग्नल. लांबवर निळ्या तोंडाचा ट्रक. मग... पिशवीतून कोथिंबिरीची जुडी खाली पडली, ती उचलायला मी वाकले. मग ब्रेकचा कर्कश आवाज. मग वर बघते तो स्कूटर आडवी.

“मधलं?” मामांनी विचारलं.

मधलं मला अजूनही स्पष्ट दिसतं : ट्रक धाडधाड येतोय, मुलगा मान वळवतोय. पण त्या वेळी मी तर वाकलेली होते.

मामांच्या घरी परतल्यावर मी बेसिनवरच्या आरशासमोर उभी राहिले. मुलांना वर्गात करून दाखवते तो प्रयोग स्वतःवर केला. आरशात आपल्या डाव्या डोळ्याकडे बघायचं, मग उजव्याकडे, मग परत डाव्याकडे. नजर हलते, हे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला लख्ख दिसतं. स्वतःला मात्र आपले डोळे हललेले कधीच दिसत नाहीत. सेकंदाला तीन-चार वेळा नजर अशी उडी मारते आणि दर उडीला मेंदू मधलं दृश्य दाबून टाकतो. तीक्ष्ण दिसतं ते फक्त मध्यभागी, लांब धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. बाकीचं सारं अंधुक तुकड्यांचं, आणि तरीही जग आपल्याला सलग दिसतं. ठिपके असावेत आणि रांगोळी पुरी व्हावी, तसं. गणपतीच्या मंडपातली दिव्यांची माळ धावते ना, तीही अशीच. एकही दिवा जागचा हलत नाही. एक विझतो, शेजारचा लागतो, आणि धाव आपण भरतो. माक्स वेर्टहाइमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली याचाच अभ्यास मांडला.

“मग मीसुद्धा ती धाव भरली,” मी मामांना म्हटलं. “पहिला ठिपका लांबचा ट्रक, दुसरा ठिपका आडवी स्कूटर. मधली रेघ माझ्या मनाची.”

“आणि ‘भरधाव’?”

याचं उत्तर मला ठाऊक होतं, म्हणून ते जास्त लागलं. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांची चित्रफीत दाखवली आणि वेग विचारला. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळून चुरडल्या तेव्हा वेग किती होता; काहींना, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा किती. चित्रफिती त्याच होत्या. पहिल्यांनी सरासरी ताशी ६६ किलोमीटरच्या आसपास सांगितला, दुसऱ्यांनी ५१ च्या. दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्याने विचारलं की फुटलेली काच दिसली का. काच फुटलेलीच नव्हती. तरी ज्यांच्या प्रश्नात कठोर शब्द होता, त्यांच्यापैकी ३२ टक्के ‘हो’ म्हणाले. ज्यांच्या प्रश्नात सौम्य शब्द होता, त्यांच्यापैकी १४ टक्के.

जबाब घेताना मला विचारलं गेलं होतं, “भरधाव आला ना?” मी हो म्हटलं होतं.

“तर मग मी साक्षीला जातच नाही,” मी म्हटलं. “ज्या डोळ्यांवर माझाच भरवसा नाही, त्यांच्या जोरावर एका माणसाला तुरुंगात कसं पाठवू? ट्रकवाल्यालाही घर असेल.”

“आणि त्या मुलाची आई?”

“तिला खोटा आधार देऊ का?”

मामा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुला एक सांगतो. हे मी तुझ्या मामीखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. नोकरीत असताना एका आडबाजूच्या फाटकावर, तेव्हा तिथे चौकीदार नसायचा, एक शेतकरी बैलगाडी घेऊन माझ्या इंजिनापुढे आला. मी शिटी देत होतो. ब्रेक मारले. पण शंभराच्या वेगातली गाडी थांबायला किलोमीटरभर लागतो. चौकशीत मी लिहून दिलं : ‘इसम अचानक आडवा आला.’ सगळ्यांनी मान्य केलं. मीही केलं.”

“खोटं होतं का ते?”

“खोटं नव्हतं. मला तो अचानकच दिसला. पण तो अचानक आला नव्हता, पोरी. तो थांबला होता, त्याने मान वळवून गाडीकडे बघितलं होतं, आणि आज तुला पुलावर जे वाटलं तेच त्याला वाटलं : लांब आहे, हळू आहे. त्याने शहाण्या माणसासारखा हिशेब केला आणि डोळ्याने त्याला चुकीचं उत्तर दिलं. माझ्या एका शब्दाने तो कागदावर बेपर्वा ठरला.” ते थांबले. “२०१९ सालापर्यंत ब्रॉडगेजवरची चौकीदार नसलेली फाटकं बंद झाली. चांगलं झालं. तिथे माणसाच्या डोळ्याला जमणार नाही ते काम डोळ्यावर टाकलेलं होतं.”

मला काय बोलावं सुचेना. शेवटी म्हटलं, “म्हणजे तुमचंही हेच म्हणणं, की डोळ्यावर विसंबू नये.”

“नाही. मी छत्तीस वर्षं डोळ्यावरच विसंबलो. डोळा खोटारडा असता तर मी आज इथे नसतो.”

तेही खरं होतं. म्युनिकमधल्या एका रुग्ण बाईची हकिकत मला आठवली. योझेफ त्सील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८३ साली नोंदवली. मेंदूतल्या इजेमुळे तिला गतीच दिसेनाशी झाली होती. रंग दिसत, आकार दिसत, माणसं ओळखू येत. पण चहा ओतायला घेतला की धार गोठल्यासारखी दिसे, आणि कप कधी भरत आला ते कळायच्या आत ओसंडून जाई. रस्ता ओलांडताना मोटार आधी लांब असे, आणि पुढच्या क्षणी अगदी जवळ. मधलं काही नाही. ज्या रेघा मेंदू भरतो, त्या भरल्या नाहीत तर कपभर चहाही गाळता येत नाही.

“जुन्या लोकांनाही हे कळलं होतं,” मी म्हटलं. “बृहदारण्यक उपनिषदात आहे, दोघं भांडत आले, एक म्हणाला मी पाहिलं, दुसरा म्हणाला मी ऐकलं, तर पाहणाऱ्यावर विश्वास ठेवतात. पण न्यायदर्शनाने प्रत्यक्षाला अटी घातल्या. त्यावरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात लांबून पाहणारा माणूस आहे. समोर दिसतंय तो धूर की धूळ, हे त्याला ठरवता येत नाही. असं डळमळीत ज्ञान प्रत्यक्ष म्हणून धरत नाहीत.”

“पण त्या माणसाला काहीतरी दिसतंय, एवढं तर पक्कं?”

“ते पक्कं.”

“मग त्याने काय सांगावं? धूर म्हणावं, धूळ म्हणावं, की तोंड मिटून घरी जावं?”

मला उत्तर सापडलं ते आपल्या भाषेतच. ‘मी पाहिलं’ म्हणताना कर्ता मी असते. ‘मला दिसलं’ म्हणताना मी फक्त घेणारी; दिसणं माझ्यापाशी येतं, माझ्या जागेवरून, त्या उजेडात, त्या कोनातून. जबाबात लिहिलं होतं ‘मी स्वतः पाहिला’. खरं होतं ते ‘मला लांबून दिसला’. वाक्य एवढंसं बदललं की खोटेपणाही जातो आणि गप्प बसण्याची पळवाटही.

“पण कोर्टात ‘हो की नाही’ विचारतात, मामा. वकील म्हणतील, बाई जबाब फिरवतायत.”

“म्हणतील. त्याचा त्रास तुला होईल. आईलाही होईल. तो टाळायचा कसा, हे मला माहीत नाही.”

एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलेलं मी त्यांना सांगितलं. १९९८ साली कर्नाटकातल्या एका ट्रक अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की ‘जास्त वेग’ ही सापेक्ष गोष्ट आहे. त्या शब्दांचा अर्थ काय, हे सरकार पक्षाने पुराव्याने दाखवलं पाहिजे, नुसत्या वेगाच्या उल्लेखाने बेदरकारपणा सिद्ध होत नाही. म्हणजे माझा ‘भरधाव’ त्या आईच्याही फारसा उपयोगाचा नव्हता. तिच्या उपयोगाचं होतं ते वेगळंच, आणि ते मी कुठल्याही शब्दाच्या आधाराशिवाय सांगू शकत होते. ट्रकच्या बाजूचा सिग्नल. तो मला वाकण्याआधी दिसला होता आणि उठल्यावरही. वेग मोजायचं काम रस्त्यावरच्या टायरच्या खुणांचं. सिग्नलचा रंग सांगण्याचं काम माझं.

मामा खुर्चीत ताठ बसले. “इंजिनात आम्ही दोघं असायचो. सिग्नल एकाला दिसून भागत नाही. दोघांनी बघायचं आणि मोठ्याने पुकारायचं. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्याने बघून परत म्हणायचं. दिसलं नाही तर दिसलं नाही म्हणायचं. अंदाजाने पुकारणं हा आमच्यात गुन्हा.” मग त्यांचा आवाज बदलला. “पुकार.”

मी उभी राहिले. “ट्रक निळा.”

“ट्रक निळा.”

“त्याच्या बाजूचा सिग्नल लाल. वाकण्याआधी लाल. उठल्यावर लाल.”

“सिग्नल लाल. आधी लाल. नंतर लाल.”

“धडक मी पाहिली नाही.”

“धडक पाहिली नाही.”

“वेग...” त्या आईचे हात मला आठवले. किती गरम होते ते. “वेग मला सांगता येत नाही.”

“वेग सांगता येत नाही,” मामांनी पुकारलं. त्याच खणखणीत आवाजात, ज्या आवाजात त्यांनी लाल म्हटलं होतं.