बांधापलीकडचं खत

भालकी तालुक्यात, कारंजा नदीच्या काठाला, दोघा भावांचं रान. मधला बांध हातभर कुणी सरकवला यावरून बोलणं बंद झालेलं. धाकट्याचं रान चढाला, थोरल्याचं उताराला.

एका उन्हाळ्यात धाकट्याच्या रानात ट्रॅक्टरनं काळा गाळ येऊन पडला. शहराच्या सांडपाणी केंद्रातला, फुकट. "सोनखतच की! आज्जा हेच टाकायचा," असं तो पारावर सांगत होता.

थोरल्यानं ते ऐकलं. तरुणपणी तो हैदराबादला नटबोल्टांवर कॅडमियमचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात होता. धुण्याचं पाणी रात्री गटारात कसं सोडतात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. आज्ज्याच्या काळी मैल्यात मैलाच असे. आता त्याच गटारात कारखाना, दवाखाना, गॅरेज सगळं उतरतं. केंद्रात पाणी निवळतं, म्हणजे त्यातलं जड ते गाळात बसतं. गाळातलं नत्र, स्फुरद पीक खाऊन टाकतं. कॅडमियम मातीत मुक्काम करतं आणि पालेभाजीत चढतं. थोरल्याला एवढा उलगडा नव्हता म्हणा, पण "टाकू नको" म्हणण्यापुरतं कळत होतं. तेवढेही दोन शब्द त्यानं बांधाच्या रागापायी गिळले. भोगू दे त्याला!

त्या साली धाकट्याची तूर पुरुषभर झाली. विहिरीवरचा पालक भालकीच्या बाजारात हातोहात खपला. थोरल्याच्या घरची पालेभाजीही त्याच बाजारातून यायची.

दोन पावसाळे गेले. थोरल्याची लेक कृषी महाविद्यालयात शिकायची. तिनं दोन्ही रानांची माती आणि बांधाकडेला उरलेला ढीग तपासून आणला. 1985 च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टाला किलोमागं 5 मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा आहे. ढिगाचा आकडा त्या मर्यादेच्या पुढं होता. पावसानं वरची माती खाली आणलेली, त्यामुळं थोरल्याचं रानही सुटलं नव्हतं.

रात्री धाकटा बायकोला घेऊन थोरल्याच्या ओसरीवर आला. "दादा, तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

लेकीनंच पुढं तोंड उघडलं. अमेरिकेतल्या मेन राज्यात अशाच गाळातली न विरणारी रसायनं गायींच्या दुधात उतरली, आणि 2022 मध्ये तिथं गाळ शेतात टाकायला कायद्यानं बंदी आली.

"मग खायचं काही पिकवायचंच नाही," थोरला म्हणाला. "दोन्हीकडं कापूस लावू."

आतून धाकट्याची बायको बोलली, "आन् सरकी, भाऊजी? ती म्हशीलाच घालता न्हवं?"