फ्रीजरमधील अन्न आणि शेजाऱ्याचा वाटा

बकरी ईद आठ-दहा दिवसांवर आली की आपल्यापैकी अनेक घरांत एक काम ठरलेले असते. नव्या कुर्बानीच्या मांसाला जागा व्हावी म्हणून फ्रीजर रिकामा केला जातो. बर्फाच्या थराखालून एखादी पिशवी निघते. तिच्यावर ना तारीख असते, ना काही खूण. गृहिणी ती उजेडात धरून पाहते आणि हलक्या आवाजात म्हणते, “ही तर मागच्या ईदची!” रंग उडालेले, कडा वाळलेले ते मांस कोणाला द्यावेसे वाटत नाही आणि स्वतः खावेसेही वाटत नाही. अखेर ते कचऱ्याच्या गाडीत जाते. अल्लाहच्या नावाने जबह केलेल्या जनावराचा जो वाटा गेल्या वर्षी एखाद्या गरीब घराच्या चुलीवर शिजू शकला असता, तो वर्षभर विजेवर जपून शेवटी मातीमोल होतो.

वाचकहो, ही चूक कोणा एकाची नाही आणि ती वाईट हेतूने घडत नाही. उलट, अन्न वाया जाऊ नये याच हेतूने आपण ते साठवलेले असते. म्हणूनच या प्रश्नाकडे शांतपणे पाहणे आवश्यक आहे. अन्न साठवणे म्हणजे अल्लाहच्या नेमतीची कदर करणे, की इतरांच्या हक्काचे अन्न आपल्या कुलपात ठेवणे?

अपव्ययाविषयीची शिकवण

अन्नाविषयी इस्लामची भूमिका वैराग्याची नाही. सूरह अल-आराफच्या ३१व्या आयतीत खाण्यापिण्याची मुभा आणि अतिरेकाची मनाई शेजारी शेजारी आली आहे. उपभोग निषिद्ध नाही, मर्यादा ओलांडणे निषिद्ध आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:२६-२७) हा विचार आणखी पुढे जातो. तेथे आधी नातेवाईक, गरजू आणि वाटसरू यांचा हक्क देण्याची आज्ञा आहे आणि तिला जोडूनच उधळपट्टीची मनाई आहे. उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे बंधू म्हटले आहे. हा क्रम विचार करण्याजोगा आहे. जे अन्न आपण वाया घालवतो, त्यात कोणाचा तरी हक्क होता. तो त्याला पोहोचला नाही म्हणूनच ते वाया गेले.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीत ही जाणीव एका घासापर्यंत येऊन पोहोचते. जेवताना घास खाली पडला तर त्याला लागलेले झटकून तो खावा, सैतानासाठी सोडू नये. ताट आणि बोटे स्वच्छ करावीत, कारण अन्नाच्या कोणत्या भागात बरकत आहे हे माणसाला ठाऊक नसते, असे त्यांनी शिकवले.

या शिकवणीसमोर आजचे चित्र ठेवून पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील सुमारे ६० टक्के अन्न हॉटेले किंवा दुकानांतून नव्हे, तर घराघरांतून फेकले गेले. म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मोठ्या सभांइतकेच आपल्या स्वयंपाकघरातही शोधावे लागेल.

साठवणे तवक्कुलच्या विरुद्ध आहे काय?

काही सात्त्विक मनांना वाटते की उद्यासाठी अन्न राखून ठेवणे हा अल्लाहवरील विश्वासातील उणेपणा आहे. प्रेषित (स.) उद्यासाठी काही राखून ठेवत नसत, अशी हजरत अनस (र.) यांची हदीस आहेच. परंतु त्याचबरोबर, प्रेषित (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षभराच्या धान्याची तरतूद करीत, हे हजरत उमर (र.) यांच्या कथनातून येते. विद्वानांनी या दोहोंचा मेळ असा घातला आहे की स्वतःसाठी त्यांनी साठा केला नाही, पण ज्यांची जबाबदारी त्यांच्यावर होती त्यांना अनिश्चिततेत ठेवले नाही. शिवाय ती तरतूदही गरजूंना देण्यात बरेचदा वर्ष संपण्याआधीच संपून जाई.

हजरत यूसुफ (अ.) यांचा वृत्तान्त तर आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. सुकाळाच्या सात वर्षांत धान्य कणसांतच राखून ठेवावे आणि खाण्यापुरतेच काढावे, असा सल्ला त्यांनी दिला. पुढे दुष्काळ पडला तेव्हा तो साठा लोकांच्या कामी आला. याउलट भाव वाढावेत म्हणून माल दडवून ठेवणाऱ्यास हदीसमध्ये पापी म्हटले आहे. साठा दोन्हीकडे आहे. फरक आहे तो कोठाराचे दार कोणासाठी उघडते यात.

तीन दिवसांची ती आज्ञा

आपल्या प्रश्नाचे मर्म ज्या प्रसंगात सर्वांत स्पष्ट दिसते, तो प्रसंग मदीनेतील ईद-उल-अजहाचा आहे. त्या वर्षी वाळवंटातील काही गरीब लोक उपासमारीने मदीनेत आले होते. प्रेषित (स.) यांनी आज्ञा दिली की कुर्बानीचे मांस तीन दिवसांपुरतेच ठेवावे आणि उरलेले दान करावे. पुढल्या वर्षी लोकांनी विचारले की यंदाही तसेच करायचे काय? तेव्हा त्यांनी खाण्याची, इतरांना खाऊ घालण्याची आणि साठवण्याचीही परवानगी दिली. मागील वर्षीच्या मनाईचे कारणही त्यांनी सांगितले : लोक अडचणीत होते आणि त्यांना मदत व्हावी अशी त्यांची इच्छा होती. हे कथन सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत निरनिराळ्या मार्गांनी आले आहे.

या प्रसंगावर क्षणभर थांबा. मांस तेच होते, लोक तेच होते. बदलली होती ती शेजारची परिस्थिती. म्हणजे साठवणे योग्य की अयोग्य, याचे उत्तर आपल्या घरात नसून दाराबाहेर आहे. इमाम शाफई (रह.) यांनी आपल्या ‘अर-रिसाला’ या ग्रंथात या हदीसची चर्चा करताना हीच दिशा दाखवली आहे : उपाशी लोक दारी आले की तीन दिवसांची मर्यादा, ते नसतील तर साठवण्याची मोकळीक. बहुसंख्य विद्वानांच्या मते साठवण्याची अनुमती कायम आहे, हे खरे. तरीही त्या आज्ञेमागचा प्रश्न कधीच रद्द झालेला नाही. आपल्या मोहल्ल्यात आज कोणी उपाशी आहे काय, हे फ्रीजरचे दार लावण्यापूर्वी आपण विचारले काय?

पूर्वी हा प्रश्न निसर्गच विचारीत असे. उन्हाळ्यात मांस टिकत नसे. आपल्या आजी मिठा-हळदीत घोळवलेल्या पट्ट्या दोरीवर वाळत घालीत. पण तशा किती घालणार? बाकीचे मांस संध्याकाळच्या आत वाटावेच लागे. फ्रीजरने ती सक्ती काढून घेतली. आता वाटणे आपल्या इच्छेवर आले आणि म्हणूनच ती आपली परीक्षा झाली.

फ्रीजर बरकतीचे साधन केव्हा होतो?

हेही तितकेच खरे की योग्य रीतीने वापरलेला फ्रीजर अपव्ययाचा शत्रू आहे. सुट्टीच्या एका दिवशी आठवड्याचे सालन, डाळ किंवा खिमा एकदम शिजवून, एका जेवणाला पुरतील असे वाटे करून गोठवणे ही पद्धत अनेक घरांत रुजू लागली आहे. नोकरी करणाऱ्या बहिणींना तिचा आधार वाटतो. रमजानपूर्वी कबाबाच्या टिक्क्या आणि समोसे करून ठेवले तर असरनंतरचा वेळ चुलीऐवजी तिलावत आणि दुआसाठी मोकळा होतो. मात्र तो वाचलेला वेळ आणखी दोन पदार्थ वाढवण्यात गेला, तर साधन वाढले आणि हेतू हरवला असे समजावे. आणि हे सर्व काम एकट्या गृहिणीवर टाकून बाकीच्यांनी दस्तरखानावर बसावे, हेही योग्य नाही. प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावीत, असे हजरत आयशा (र.) यांनी सांगितले आहे.

अमानत सांभाळायची तर तिची रीतही माहीत हवी. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत उथळ भांड्यात निववून थंड जागी ठेवावे. भाताबाबत विशेष दक्षता हवी, कारण त्यातील काही जिवाणूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत आणि भात बाहेर राहिला की ती वाढतात. फ्रीजरचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअस असावे. थंडीने जिवाणू मरत नाहीत, केवळ त्यांची वाढ थांबते. म्हणून बाहेर काढलेला वाटा वाफ येईपर्यंत नीट गरम करावा आणि पुन्हा गोठवू नये. प्रत्येक डब्यावर पदार्थाचे नाव व तारीख लिहावी आणि जुने आधी वापरावे. वीज गेली तर दार उघडू नये. भरलेला फ्रीजर बंद राहिल्यास सुमारे दोन दिवस थंड राहतो, अर्धा भरलेला एक दिवस.

परंतु तारखेच्या चिठ्ठीपेक्षाही एक गोष्ट मोलाची आहे. डबे भरताना पहिला डबा दुसऱ्याचा असावा. हजरत अबू जर (र.) यांना प्रेषित (स.) यांनी सांगितले होते की रस्सा शिजवताना त्यात पाणी अधिक घालावे आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवावी. येथे उरलेले देण्याची गोष्ट नाही. भांडे चुलीवर चढवतानाच शेजारी गृहीत धरलेला आहे. आपण आठ वाटे करीत असू, तर नववा वाटा आजारी शेजारणीसाठी, एकट्या राहणाऱ्या वृद्धासाठी किंवा बाळंतिणीच्या घरासाठी सुरुवातीलाच वेगळा काढता येतो.

आणि तो वाटा आपल्या वाट्याइतकाच चांगला असावा. सूरह अल-बकराच्या २६७व्या आयतीत अशी वस्तू दान करण्यास मनाई आहे, जी आपल्याला कोणी दिली असती तर आपण डोळे मिटूनच घेतली असती. फ्रीजर रिकामा करताना निघालेली मागच्या वर्षीची पिशवी मोलकरणीच्या हातात ठेवून ‘सदका झाला’ असे मानणे, हे त्या आयतीच्या नेमके विरुद्ध आहे. जे आपल्या मुलांना वाढण्याची आपली तयारी नाही, ते दुसऱ्याच्या मुलांसाठी देऊ नये.

काय उरले?

एकदा प्रेषित (स.) यांच्या घरी एक बकरी जबह करण्यात आली. मांस वाटून झाल्यावर त्यांनी विचारले की काय उरले? हजरत आयशा (र.) यांनी सांगितले की केवळ खांद्याचा भाग उरला आहे. त्यावर त्यांनी उत्तर दिले की खांदा सोडून बाकी सर्व उरले आहे. तिरमिजीच्या संग्रहातील ही हदीस आपल्या हिशोबाची दिशाच बदलते. जे घरात राहिले ते संपणार आहे. जे दिले गेले तेच खऱ्या अर्थाने साठले आहे.

वाचकहो, साठवण्याची अनुमती आहे आणि ती अल्लाहची मेहरबानी आहे. तिचा लाभ अवश्य घ्या. मात्र यंदा ईदपूर्वी फ्रीजर साफ करताना घरातील सर्वांनी मिळून तो उघडावा. काय निघते ते मुलांनाही पाहू द्यावे. जे वाया गेले त्याची मनापासून तौबा करावी आणि येत्या कुर्बानीच्या दिवशी पिशव्या फ्रीजरमध्ये जाण्यापूर्वी दारोदार पोहोचवण्याच्या पिशव्या आधी बांधाव्यात. सूरह अत-तकासुरच्या शेवटी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक नेमतीविषयी आपल्याला विचारणा होणार आहे. त्या दिवशी आपल्या डब्यांवरील तारखांपेक्षा, ते डबे कोणाकोणाच्या घरी पोहोचले हीच नोंद कामी येईल.

अल्लाह आपल्याला नेमतीची कदर करण्याची, मर्यादेत खाण्याची आणि आनंदाने खाऊ घालण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.